रोहण्याची हजेरी

प्रणालीचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. एरवी वर्गात मी फोन उचलत नाही, पोरांनाही उचलू देत नाही. पण ही जुनी विद्यार्थिनी कामाच्या वेळात कधी फोन करत नाही, म्हणून उचलला. "मॅडम, झाडे सर गेले..." एवढंच बोलली ती. मागे तिच्या कारखान्यातल्या मशिनी घरघरत होत्या. आणि मी विचारलं, "कुठे गेले?" खरंच विचारलं हो! निवृत्त झाल्यापासून या माणसाच्या पायाला भिंगरी होती. आज अल्लीपूरला शेतावर, उद्या कुणा जुन्या विद्यार्थ्याच्या वर्कशॉपच्या उद्घाटनाला. मग कळलं... सकाळी अंगणात चहा पिता पिता गेले, कुणाला हाक मारायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

रडले का? रडले. पण त्यांचं काहीही आठवलं की रडण्याआधी अंगात वीज सळसळते, त्याला मी काय करू? मोहन झाडे आमच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे निदेशक होते. लोखंड कापणं, घासणं, जोडणं हे ते शिकवायचे आणि त्याच पोरांना ड्रॉइंग आणि गणित मी. माझा स्वभाव तापट, हे आमच्या आयटीआयच्या भिंतीसुद्धा सांगतील. सर याच्या अगदी उलटे. मी दहा वाक्यं बोलायचे, तेव्हा कुठे त्यांचं एक यायचं. पण ते एक असं असायचं की माझी दहाच्या दहा फुकट!

करोनात वर्कशॉपला कुलूप लागलं, तेव्हा मी मनातून खूश झाले होते, आता खोटं कशाला बोलू. मला कॉम्प्युटरची हौस. आठवड्याभरात लिंक तयार, ग्रुप तयार, नियम तयार. कॅमेरा चालू, चेहरा दिसला पाहिजे, त्याचा फोटो मी काढणार, ज्याचा चेहरा नाही तो गैरहजर. प्राचार्यांनी सगळ्या फिटर बॅचच्या ऑनलाइन हजेरीचं काम माझ्याकडेच दिलं. मी ऐटीत सरांना सगळं दाखवलं. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "हे ठीक हाय मॅडम. पन पोराचा हात कसा शिकवसान याच्यावर?"

मी म्हटलं, व्हिडिओ दाखवू.

दोन दिवसांनी प्राचार्यांची सही घेऊन सरांनी वर्कशॉप उघडलं. प्रत्येक मुलासाठी लोखंड घासायची एक कानस आणि लोखंडाचा एक तुकडा पोत्यात बांधला आणि ती पोती निघाली... कशातून? दुधाच्या गाडीतून! एसटी बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, पण दूध थांबत नव्हतं. मुलांनी घरी तुकडा घासायचा, पहाटे दुधाच्या कॅनसोबत परत पाठवायचा. सर तो काटकोन मापायचा गुण्या लावून तपासायचे आणि जिथे चुकलं तिथे खडूची रेघ मारून पुन्हा गाडीत टाकायचे. पहिल्या खेपेला सगळे तुकडे गंजूनच आले, कारण पोरांनी ते ओल्या कॅनच्या बुडाशी ठेवले होते. दुसऱ्या खेपेला काही शहाण्यांनी राखेनं घासून असे चकाचक केले की तोंड दिसावं! कोपरा एकाचाही सरळ नव्हता. सरांनी सगळ्यांना निरोप दिला, "लोखंड घासाचं हाय, भांडे नाई."

आणि शिकवायचे कसे? साध्या फोनवर! पोरानं फोन बाजूला ठेवायचा आणि कानस चालवायची. इकडे सर डोळे मिटून ऐकायचे. कानस पुढे जाताना दाबायची आणि मागे आणताना हलकी उचलायची असते. नवशिके दोन्हीकडे रगडतात. तो फरक सरांना फोनवरून कळायचा. रोज संध्याकाळी ते एका चिठ्ठीवर, आज फोनवर कोण कोण शिकलं त्यांची नावं लिहून मला द्यायचे. "मॅडम, हे बी हाजरीत घ्याजो." मी हो म्हणायचे आणि चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकायचे. फोनवरच्या बोलण्याला कुणी क्लास म्हणतं का? चेहरा कुठाय? फोटो कुठाय?

प्रणाली रोहणा गावची. त्या बॅचमधली एकटी मुलगी. तिच्या घरी एकच फोन, तोही बटणांचा. माझ्या लिंकवर ती एकदाही आली नाही, येणार तरी कशी! सरांच्या चिठ्ठीत मात्र तिचं नाव रोज. तिच्या वडिलांनी बाभळीच्या ओंडक्यात खाच पाडली होती, त्यात तुकडा बसवून पाचर ठोकली की झाला तिचा कामाचा बाक. नागपूरकडच्या एका कारखान्यात तिची शिकाऊ म्हणून निवड जवळजवळ पक्की होती, अट एकच, त्याच वर्षी पास व्हायचं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही, परीक्षेला बसू न शकणाऱ्यांची यादी मी केली तेव्हा त्यात पहिलं नाव लिहिलं ते तिचं. हजेरी शून्य. माझ्याच अक्षरात.

यादी प्राचार्यांच्या टेबलावर गेली आणि सर आत आले. मला वाटलं, आता भांडतील. मीही पदर खोचून तयार! पण ते मलाच म्हणाले, "मॅडम, तिले फोन लावा. स्पीकरवर ठेवा." मी लावला.

"हॅलो... कोन?"

"प्रणाली, मी झाडे सर. काम चालू हाय का?"

"हाव सर, तुकडा बांधून राह्यली."

"फोन ओंडक्यावर ठेव. चालव."

आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये रोहण्याहून आवाज यायला लागला. खर्र... मग शांत. खर्र... मग शांत. प्राचार्यांनी पंखा बंद केला. मध्येच एक कोंबडी ओरडली. आम्ही तिघं त्या इवल्याशा फोनवर वाकून बसलो होतो. आणि सांगते, आजवर एवढ्या लिंका उघडल्या, पण असा क्लास मी जन्मात पाहिला नव्हता. ऐकला नव्हता, म्हणा! सरांचे डोळे मिटलेले. एकदम म्हणाले, "थांब. डावा हात ढिला काऊन पडला? समोरून दाब."

"बाप्पा! सर, तुमाले दिसते का?"

मागून तिच्या वडिलांचा आवाज आला, "अवं, कोनाचा फोन व्हय?" "सरचा हाय, बाबा!" आणि पुन्हा खर्र... या वेळी सलग, भरदार, मलासुद्धा फरक कळला. सरांनी फोन बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. "आता सांगा मॅडम. पोरगी हाजर हाय का गैरहाजर?"

तरीही मी म्हटलं, "नियमात बसत नाही सर." जीभ म्हणतात ती ही! प्राचार्यांनी विचारलं, "फोनवरच्या क्लासची काही नोंद आहे का?" सर खिडकीबाहेर बघत राहिले. चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत हे त्यांना पक्कं माहीत होतं, पण त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मग मीच उठले, माझ्या टेबलाशी जाऊन ड्रॉवर उघडला आणि तो गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. लाजेनं कान तापले होते माझे. त्याच दिवशी मी यादी पुन्हा लिहिली. बाहेर आल्यावर सर एवढंच म्हणाले, "दुरुस्त झालं ना? मंग विषय संपला."

प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले होते. चौकोनी भोकात चौकोनी तुकडा बसवायचा, चारी बाजूंनी फिरवून बसला पाहिजे आणि फटीतून उजेड दिसायला नको. प्रणालीचा तुकडा त्यांनी एकदा बसवला, फिरवला, पुन्हा बसवला, पुन्हा फिरवला. चौथ्यांदा तो आत सरकला तेव्हा मी टाळीच वाजवली! परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं माझ्याकडे. सर मात्र दाराशी उभे, जणू काही झालंच नाही. पण खिशातला रुमाल बाहेर आला होता.

तेरवीला मी अल्लीपूरला गेले. मांडवात प्रणाली भेटली, गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, सरनं सांगितलं होतं मले. माह्यं नाव परीक्षेच्या यादीतून कटलं होतं, अन् तुमी प्राचार्यांसंग भांडून परत घ्याले लावलं. तुमी नसत्या त मी आज कुठं असती?"

एवढी वर्षं हा माणूस माझ्या चुकीला माझी बहादुरी म्हणून सांगत होता! तिथे मांडवात मला कबूल करता आलं नाही. घरी आले, जेवण जाईना. मग हे लिहायला बसले, आणि लिहून झाल्यावर तिला फोन लावून सगळं वाचून दाखवलं. "माझ्याच अक्षरात" इथपर्यंत आले आणि पलीकडून आवाजच बंद झाला. मी तरी वाचत राहिले, शेवटपर्यंत.

वाचून संपल्यावर तिनं विचारलं, "मंग सर खोटं काऊन बोलले?"

"तुझ्या मनात माझ्याबद्दल राग राहू नये म्हणून असेल."

"आता त आला ना!"

"येऊ दे," मी म्हटलं. "हक्क आहे तुझा."

मग म्हणाली, "शनिवारी सुट्टी हाय मले. येतो मी. समोर बसून भांडाचं हाय तुमच्यासंग. अन् भांडण सरच्या फिटर सेक्शनमंदीच होईन, सांगून ठेवतो!"

ये म्हटलं, पोरी, लवकर ये. सरांनी उभ्या जन्मात सेक्शनमध्ये खुर्ची वापरली नाही, दिवसभर पोरांच्या मागे उभेच. आज सकाळी मी माझ्या वर्गातून दोन खुर्च्या उचलून नेल्या आणि त्यांच्या टेबलाशी समोरासमोर मांडून आले.