एलेनाचं लग्न आणि उरुग्वेचा संप

"शैला, हा संप मिटव," चौधरीजी म्हणाले आणि त्यांनी फोनचा रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

संप उरुग्वेत होता. आम्ही फरीदाबादला होतो.

चौधरीजी आमच्या सेक्टरचे केबलवाले. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीला कंट्रोल रूम म्हणत. बाहेर डिश, आत मशिनं, आणि मशिनं तापू नयेत म्हणून सतत चालणारा कूलर. मी सकाळी कॉलेजला जायची, राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करत होते, आणि दुपारपासून इथे कामाला. पिक्चरच्या कॅसेट बदलायच्या, तक्रारींचे फोन घ्यायचे आणि स्क्रोल टाइप करायचा. स्क्रोल म्हणजे टीव्हीच्या तळाशी सरकत जाणारी पट्टी. "उद्या सकाळी पाणी येणार नाही." "काळी शेळी हरवली आहे." कुठलंही चॅनल लावा, आमची पट्टी खाली असायचीच.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बाबा कारखान्यात लेथवर. वर्गात इतर मुलं जगाबद्दल फार सहज बोलायची, मी पेपर वाचून पाठ करायची. एकदा धीर करून चौधरीजींना विचारलं, "स्क्रोलमध्ये रोज एक ओळ जगाची बातमी टाकू का?"

"किसको पढ़नी है, बेटा?"

"निदान मला टाइप तरी करता येईल."

ते हसले. महिनाभर बघू म्हणाले. कोणी विचारलं नाही तर ती जागा मिठाईवाल्याला. मला ती ओळ फार हवी होती. एवढ्या घरांत माझ्यामार्फत जग पोचतंय, असं काहीतरी मनात होतं. कोणाला सांगितलं नव्हतं.

कोणीच विचारलं नाही. आमच्या ओळखीच्या साठे काकूंना मीच विचारलं. त्या म्हणाल्या, "ती पट्टी ना? ती आली की मी फोडणी घालून येते."

त्याच सुमारास हिंदीत डब केलेली उरुग्वेची एक मालिका सुरू झाली आणि सगळ्या सेक्टरला तिचं वेड लागलं. एलेना नावाची गरीब मुलगी, तिचा रिकार्डो जहाजावर नोकरीला. तो परतणार आणि शुक्रवारी त्यांचं लग्न. त्या बुधवारी पेपरच्या आतल्या पानावर मला दोन ओळी दिसल्या. मालिकेतल्या देशाचं नाव छापलेलं बघून मी हरखले आणि टाइप केलं, "उरुग्वेत बंदर कामगारांचा संप. जहाजं समुद्रातच अडकली."

ही ओळ नेमकी एलेना साडी निवडत असताना सरकली. म्हणजे गाऊन, पण साठे काकू साडीच म्हणत.

आमच्या स्क्रोलची एक गंमत होती. तो कधी खोटा ठरला नव्हता. पाणी येणार नाही म्हटलं, तर यायचं नाहीच. त्यामुळे जहाजं अडकली म्हटल्यावर ती अडकलीच. गुरुवारी दुपारपासून फोन सुरू झाले. चौधरीजींनी माझ्यापुढे धरलेल्या फोनवर साठे काकूच होत्या.

"अगं शैला, रिकार्डो पोचणार कसा? उद्या लग्न आहे!"

"काकू, संप खरा आहे. लग्न मालिकेतलं आहे."

"ते कळतं गं मला. मी काय वेडी आहे? पण जहाज लागणार कुठे?"



संध्याकाळी जिन्यात बायका जमल्या. त्यांच्या मागून कारखान्यांतली माणसं वर आली, त्यांत बाबाही. त्यांचा पक्ष वेगळा होता. फरीदाबादमध्ये संप म्हणजे घरचा विषय.

"लग्न पुढे ढकलता येतं," बाबा म्हणाले, "संप ढकलता येत नाही. त्यांच्या मागण्या काय आहेत?"

"पेपरात नाही आलं, बाबा."

"मग कसली बातमी ही?"

युनियनचे एक नेते म्हणाले की उरुग्वेच्या भावांना पाठिंबा म्हणून उद्या गेट मीटिंग घेऊ, म्हणजे कारखान्याच्या फाटकावर सभा. एका बाईंनी त्यांना विचारलं, "और लड़की का क्या?"

तेवढ्यात कळलं की मार्केटपलीकडचा दुसरा केबलवाला सांगत फिरतोय, आमच्याकडे जहाज वेळेवर येतं. चॅनल तेच, मालिका तीच. तरी दोन घरांनी चौधरीजींची वायर काढून त्याची लावून घेतली.

चौधरीजींनी दार लावून घेतलं. "लिख, संप मिटला. नाहीतर तुझी ओळ आजपासून बंद."

मी म्हणाले, "सर, हे खोटं निघालं तर उद्या पाण्याचं लिहिलेलंही लोक मानणार नाहीत."

पाण्याच्या सूचनेवरच त्यांच्या पट्टीची पत होती. "बरं, काहीतरी खरं लिही. पण यांना शांत कर."

मी बराच विचार केला. मला वाटलं, सत्य समजावून सांगितलं की लोकांना पटतं. मी टाइप केलं, "या मालिकेचं चित्रीकरण तीन वर्षांपूर्वीचं आहे. संपाचा लग्नाशी संबंध नाही."

फोन दुप्पट झाले.

"म्हणजे लग्न होऊन गेलं?" साठे काकू ओरडल्या. "आणि तू आम्हाला आज सांगतेस? कोणाशी झालं?"

नेत्यांनी ती ओळ दोनदा वाचली. "तीन साल से हड़ताल!" ते भारावून म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेट मीटिंग झाली, तीही मोठी झाली.

शुक्रवारी कोणी मालिका सुखाने पाहिली नाही. मी कंट्रोल रूममध्ये मिठाईच्या जाहिरातीचा मजकूर टाइप करून तयार ठेवला होता. एलेना चर्चच्या पायऱ्यांवर उभी. रस्ता रिकामा. आणि रिकार्डो टॅक्सीतून उतरला. तो विमानाने आला होता.

खालून टाळ्या ऐकू आल्या. बायकांना लग्न मिळालं. नेते तर माझ्याकडे वर येऊन सांगून गेले, "देखा? जहाज नहीं पकड़ा उसने. अपना बंदा है."

गेलेली दोन्ही घरं परत आली. चौधरीजींनी मिठाईची जाहिरात खोडली आणि माझी ओळ कायम केली. फक्त एक अट घातली: रोज उरुग्वेच.

पेपरात रोज उरुग्वे कुठून येणार? मी कॉलेजच्या लायब्ररीत बसून तिथली गुरं, लोकर, नद्या शोधू लागले. सेक्टरमधली शाळकरी पोरं उरुग्वेची राजधानी सांगू लागली. नेपाळची कोणाला येत नव्हती. त्या संपाचं पुढे काय झालं, ते पेपरने छापलं नाही आणि मला कोणी विचारलंही नाही.

मालिका संपली त्या संध्याकाळी चौधरीजी म्हणाले, "उरुग्वे बंद. सोमवारपासून फिलिपिन्स. नवी मालिका तिथली आहे."

राज्यशास्त्राच्या पुस्तकात देशाचं महत्त्व ठरवणारे बरेच घटक दिले आहेत: सैन्य, व्यापार, शेजार. सगळे बरोबरच असतील. पण आमच्या सेक्टरपुरतं मी सांगू शकते. तो देश टीव्हीवर रात्री आठला लागतो की दुपारी तीनला, हे आधी बघावं.