सुनंदाताईंनी सोडलेली जागा

सुनंदाताई चॅटबॉटला 'अहो' म्हणत. तुकोगंजमधल्या आमच्या छोट्याशा ऑफिसात आम्ही डिजिटल पुस्तकं करायचो. त्यांत वाक्यातल्या भावनेप्रमाणे अक्षरं जाड, बारीक, तिरकी होत. कथा चॅटबॉटला दिली की तो वाक्यावाक्याशेजारी 'राग', 'भीती', 'लाड' अशा खुणा करी, आणि ताई त्या तपासत. जवळच्या राऊ गावातल्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. खूण पटली नाही, की टाइप करता करता तोंडानंही सुरू होत, "अहो जी, ऐसा थोडीच असतं! हा माणूस चिडलेला नाहीये, भुकेला आहे. पहले जेवू घाला त्याला, मग बघा!" चॅटबॉटचं पटलं, तर तितक्याच मोकळेपणानं म्हणत, "मान गए, भिया!"

या खुणांत एवढा जीव का ओतता, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "आमच्या यांना आता बिलकुल ऐकू येत नाही. लग्न झाल्यापासून जेवणं आटोपली की मी गोष्ट वाचायची आणि यांनी ऐकायची. कान गेले, तसं ते बंद पडलं. आता स्वतःच वाचतात. पण म्हणतात, पुस्तकात सगळे एकाच आवाजात बोलतात गं."

एका कथेत आई फौजेत निघालेल्या मुलाला म्हणते, 'जा आता, गाडी सुटेल.' चॅटबॉटनं खूण केली: घाई, हुकूम. अक्षरं जाडजूड झाली, पुढे झुकली. आमच्या साहेबांना ती फार आवडली. ताई मात्र अडून बसल्या. त्यांचे वडील महूला फौजेत होते. त्यांनी चॅटबॉटला लिहिलं, "माझी आजी दर सुट्टीनंतर हेच म्हणायची. म्हणताना बाबांची बाही काही सोडायची नाही."

उत्तर आलं, की मग ही घाई नाही. अक्षरं साधीच ठेवावीत, फक्त 'जा आता' नंतर थोडी मोकळी जागा सोडावी.

"बराबर," ताई म्हणाल्या.

"मॅडम, रिकामी जागा कुणाला दिसणार?" साहेबांनी विचारलं.

"एकाला तरी दाखवून बघू या."

दुसऱ्या दिवशी ताई आपल्या यजमानांना, काकांना, घेऊनच आल्या. काका चष्मा सावरून वाचू लागले. 'जा आता' पाशी थांबले. मान वर करून, बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात सगळ्यांदेखत म्हणाले, "सुनंदा, अशा जागी तुझा घसा दाटायचा!"

ताईंनी पदर डोळ्यांना लावला. जागा तशीच राहिली.

त्यानंतर ताईंनी कितीतरी कथा केल्या. आजारपणातही घरून खुणा तपासून पाठवत आणि वर निरोप असे, "चॅटबॉटजींना सांगा, आज चांगलं काम केलंत."

ताई गेल्या, त्यानंतर काही दिवसांनी मी काकांना भेटायला गेलो. ते खिडकीपाशी टॅबवर ताईंनी तपासलेली कथा उघडून बसले होते. मला बघून त्यांनी हातानंच समोरची खुर्ची दाखवली.

"बस. थोडं थांब हं," ते म्हणाले, "तिचं वाचन चाललंय."