लेझीम पथकातून करिअर मार्गदर्शन

लेझीमचा छणछणाट कानावर आला की आजही माझं डोकं फिरतं. टेंभी नाक्यावर कुठल्याशा मिरवणुकीत मुली खेळत असतात, लोक कौतुकानं मोबाईल वर धरतात, आणि मी सरळ पलीकडच्या फुटपाथवर जाते.

दहावीत होते तेव्हा आमच्या बाळकुमच्या शाळेत करिअर मार्गदर्शन मेळावा झाला. कार्यक्रम ज्यांच्याकडे असायचे त्या बाईंना शिकवण्यापेक्षा स्वागताचा सोस जास्त. उंच मुली लेझीम पथकात, गोऱ्या मुली ओवाळायला, उरलेल्यांनी खुर्च्या भरायच्या. मी उंच आणि काळी. मला कुणी काही न विचारताच पथकात घातलं.

मला मात्र त्या दिवशी हॉलमध्ये बसायचं होतं. मार्गदर्शनाला एक मॅडम येणार होत्या. गुन्ह्याच्या जागी सापडलेलं रक्त, केस तपासतात त्या सरकारी प्रयोगशाळेत त्या होत्या, आणि शिकल्या होत्या कल्याणच्या मराठी शाळेत. मला तेच व्हायचं होतं. पप्पा म्हणायचे, "मराठी मीडियमवाली तू, सायन्स घेऊन तोंडावर आपटशील. गपचूप कॉमर्स घे." शेवटी आई मध्ये पडली. "त्या मॅडमनाच विचारून ये, आपल्यासारख्यांना झेपतं का. त्या हो म्हणाल्या तर तुझ्या पप्पांशी मी बोलते." आई एकदा बोलायला बसली की पप्पांचं काही चालत नाही. म्हणजे माझं सायन्स त्या एका उत्तरावर अडलं होतं.

"बाई, पथकाचं झालं की मी आत जाऊ?" मी विचारलं.

"पाहुणे परत जाईपर्यंत लाईन हलणार नाही. आणि प्रश्न विचारायला आहेत मुली. दिलेत मी त्यांना प्रश्न."

खरंच दिले होते. 'आपल्या यशाचं श्रेय आपण कुणाला द्याल?' असले. त्या मुलींची तालीमही झाली होती.

नऊवारी नेसून आम्ही गेटवर उन्हात उभ्या. एक रिक्षा थांबली, पाठीवर सॅक घेतलेली एक बाई उतरली. "पालकांनी मागच्या गेटनं जा हो, इथे पाहुणे येतायत," आमच्या बाईंनी तिला हटकलं. ती निमूटपणे मागे गेली. मग एक पांढरी गाडी वळली. बाईंनी शिट्टी फुंकली, लेझीम सुरू, पाकळ्यांचा पाऊस. गाडीतून नाश्त्याचे डबे घेऊन केटरर उतरला. बिचाऱ्यानं डबे सांभाळत आम्हा सगळ्यांना मान लववून नमस्कार केला. आम्ही खाली वाकून पाकळ्या गोळा केल्या आणि नंतर आलेल्या पुढाऱ्यावर त्याच उधळल्या. त्याला काय कळतंय!

थोड्या वेळानं आतून शिपाईकाका धावत आले. मागच्या गेटनं गेलेली सॅकवाली बाई म्हणजेच त्या मार्गदर्शक मॅडम होत्या. बाईंचा चेहरा असा काही उतरला की मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पण बाई हार मानणाऱ्या नव्हत्या. त्यांनी भरपाई करायचं ठरवलं. "मॅडम निघताना दणक्यात वाजवायचं गं! शिट्टी दिली की कुणी थांबायचं नाही."

आत पुढारी बोलत सुटले होते. मॅडमच्या वाट्याला जेमतेम वेळ आला, आणि त्यातलंही आम्हाला गेटवर काही ऐकू आलं नाही. मग त्या एकट्याच बाहेर आल्या. मी रांगेत पहिली होते.

"मॅडम, एक विचारायचं होतं."

त्या थांबल्या. अगदी माझ्यासमोर येऊन थांबल्या. "विचार ना."

आणि बाईंनी शिट्टी फुंकली.

चहूबाजूंनी लेझीम सुरू झाली. मी ओरडून विचारलं, "मराठी मीडियमवाल्यांना सायन्स झेपतं का?" त्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा ओरडले. या वेळी त्यांना कळलं असावं, कारण त्या बोलायला लागल्या. चांगली दोन-तीन वाक्यं बोलल्या, हात हलवून. मला त्यातला एकही शब्द ऐकू आला नाही. ऐकू आलं ते एवढंच: "ए लंबू, हात का थांबले? वाजव!"

मॅडमनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि त्या रिक्षात बसल्या.

संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर फोटो आला. समोरासमोर मी आणि मॅडम, खाली ओळ: 'विद्यार्थिनींनी तज्ज्ञांशी मनमोकळा संवाद साधला.' आई हरखली. "अगं, बोललीस की त्यांच्याशी! काय म्हणाल्या?" पप्पांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"ऐकू नाही आलं," मी म्हणाले.

पप्पा हसले आणि त्यांनी आवाज परत सुरू केला. 'हो म्हणाल्या' असं ठोकून द्यायचं मला सुचलं नाही, त्याचाही राग आहेच.

आता मी कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो फोटो अजून मोबाईलमध्ये आहे. त्यात मॅडम बोलतायत. मोठा करकरून बघितलाय मी तो, पण त्या हो म्हणतायत की नाही, ते ओठांवरून कळत नाही.