नसीमाच्या हातातला मास्टर सिलिंडर

एकोणनव्वद साली मी शारजाला निघालो, त्या सकाळीही पनवेलजवळ पळस्प्याच्या आमच्या गॅरेजात काम होतंच. मुंबईच्या एका डॉक्टरांची दोन सीटांची जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार. त्यांचा आपटा गावात बंगला होता आणि येता-जाता गाडीचं पेडल खाली बसायचं. पेडल दाबलं की नळीत तेल ढकलणारे, ब्रेकचा आणि क्लचचा, असे दोन मास्टर सिलिंडर शेजारीशेजारी. एकाचं रबर बदललं की दुसरा गळणार. त्या गाडीनं आम्हाला जेरीस आणलं, पण तिच्यावर हात बसला म्हणूनच अशाच गाड्यांच्या वर्कशॉपात मला शारजाची नोकरी लागली.

नवा शर्ट सांभाळत मी गाडीखाली शिरलो. ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढायला दोघं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खालून हवा सोडायचं निपल सैल करून पुन्हा आवळायचं. अब्बा गिऱ्हाइकं बघायचे, म्हणून पेडलवर माझी बायको नसीमा असायची. मोहल्ल्यात लोक हसायचे, हसोत बापडे. त्या दिवशी "बस, सोड" म्हटलं तरी तिनं पाय काढला नाही. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न मारत होता.

"दोनच वर्षं," मी खालूनच म्हणालो. मग तिनं पाय काढला.

शारजात हवा मशीननं ओढतात, दुसरं माणूस लागत नाही. तरी कितीतरी दिवस मी सवयीनं गाडीखालून "धर" म्हणायचो. शेजारच्या मलबारी मेकॅनिकला हसू यायचं, मी मशीनची नळी लावायचो. दोन वर्षांची चार झाली, चारांची सहा.

रजेवर आलो तर डॉक्टरांची तीच गाडी दारात. पेडलवर अब्बा, आणि खालून नसीमाचा आवाज, "अब्बा, धरा!" ती बाहेर आली ती माझा जुना शर्ट घालून. क्लचचा मास्टर सिलिंडर खोलून ठेवला होता. तो धुवायला मी आमच्या जुन्या रिवाजाप्रमाणे रॉकेलचा डबा ओढला.

"रॉकेल नको," ती म्हणाली. "रबर फुगतं. तुमीच फोनवर सांगितलं होतं ना?"

मीच सांगितलं होतं. मला अभिमान वाटायला हवा होता. आला तो राग.

जेवताना मी फॅमिली व्हिसाचं काढलं.

"तिथं मी दिवसभर काय करू? खिडकीतून बघू?" ती म्हणाली. "तुमीच या. दोघांना पुरेल एवढं काम हाय."

बघू म्हणालो आणि रजा संपताच परत गेलो. गॅरेज आता तिचं होतं, आणि तिच्या हाताखाली काम करणं माझ्या गळी उतरत नव्हतं. दुसरं कारण नव्हतं.

दर शुक्रवारी फोन करतो. ठेवताना ती विचारायची, "कधी येताय?" मागच्या शुक्रवारी विचारलं नाही. डॉक्टरांनी गाडी विकली, अब्बांना कमी ऐकू येतं, एवढं सांगून ती थांबली. घर कुठं म्हणून कुणी विचारलं तर मी अजून पनवेलच सांगतो. पण माझं म्हणून तिथं जे उरलं होतं, ते तिचं हे विचारणंच होतं. मी घाबरलो.

"विचार की," मीच म्हणालो, "कधी येताय म्हणून."

"सांगा," ती म्हणाली.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटत गेलो, एकाही तारखेवर बोट टेकेना.