दाबून धरलेलं बटण

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा धूर नाकात गेला, की मला अंबडचा आमचा जुना कारखाना आठवतो, जिथे आम्ही वॉकीटॉकी आणि हौशी लोकांसाठी रेडिओचे सेट बनवायचो. खोक्यात भरण्याआधी प्रत्येक सेट घेऊन एकजण गेटपाशी जायचा आणि विचारायचा, "कसं ऐकू येतंय? ओव्हर." आतून उत्तर जायचं, "एकदम स्वच्छ. ओव्हर." बोलताना बटण दाबायचं, ऐकताना सोडायचं, हे नव्या माणसाला मालक स्वतः शिकवायचे. मग घरोघरी मोबाइल आले, मागणी आटली, आणि एका दुपारी शेवटची खेप तयार झाली. मालक खाली आलेच नाहीत. वरच्या केबिनमधूनच ते सेटवर बोलले, "मंडळी, कंपनी तुम्ही उभी केलीत. माझं काही चुकलं असेल तर सांगा. ओव्हर." पण बटण काही सुटलं नाही. त्यांच्या पंख्याची घरघर, नाक ओढल्याचा आवाज, सगळं आम्हाला ऐकू येत होतं, आणि आमचं मात्र त्यांच्यापर्यंत काहीच पोचणार नव्हतं. शेजारच्या टेबलावरची ताई हातातल्या सेटकडे बघत पुटपुटली, "साहेब, बटण सोडा ना." मालक गडबडीत विसरले, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. परवा, कारखान्यानंतर धरलेल्या नोकरीतल्या माझ्याच निवृत्तीच्या कार्यक्रमात मी विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" आणि कुणी तोंड उघडायच्या आत घाईघाईने सगळ्यांसाठी चहा मागवला. तेव्हा कळलं, ते विसरले नव्हते.