विरजणबाई

कोणाच्याही घरी गेल्या की बाई आधी दह्याचा वास घेत आणि मगच बसत. वर्ध्यात त्यांना सगळे विरजणबाई म्हणत. त्या आमच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत आणि जिन्याखालच्या अरुंद खोलीत दह्यातले जंतू वाढवत. मदतीला मला का घेतले, तेही त्यांनी सांगून टाकले होते. "तू कमी बोलतेस. चंबूत थुंकी उडणार नाही." इंग्रजी शाळेतून आलेली मी मराठी बोलायला लाजत असे. त्याचे असे कौतुक प्रथमच झाले.

बाईंचा प्रश्न एकच होता. जंतू दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि पुढे त्याच आम्लाने त्यांची वाढ थांबते. "ताटात अन्न असतं, पण आपणच केलेल्या आंबटात हे अडकतात. माणसासारखेच," त्या म्हणत. फाटलेल्या दुधाच्या निवळीचे तीन चंबू घेऊन एकात सोडा टाकून आम्ल मारत, दुसऱ्यात आधीच आम्ल घालत, तिसरा तसाच ठेवत. मग तिन्ही उजेडासमोर धरून कोणता जास्त गढूळ झाला, म्हणजे कुठे जंतू जास्त वाढले, ते मला विचारत. स्वतःचे मत आधी कधीच सांगत नसत.

गावोगावची विरजणे त्यांनी मागून आणली होती. समुद्रपूरला एकीने विचारले, "बाई, घरी गाय नाई का? काऊन मागून राह्यल्या?"

"गाय आहे हो. पण तिला दही लावता येत नाही," बाई म्हणाल्या.

सगळ्यांत चिवट निघाले ते देवळीच्या भिवराबाईंचे. बाकीचे थांबत, तेवढ्या आम्लातही ते वाढत राहत. बाईंचे सारे काम त्याच्यावरच उभे होते.

एका एप्रिलमध्ये उन्हाने तेच बिघडले. ओल्या गोणपाटात ठेवूनही सकाळी सगळ्याच चंबूंना कुजका वास आला. दुसऱ्या दिवशी नागपूरहून तपासणीस येणार होते. जिवंत काम दिसले तरच खोली बाईंकडे राहणार होती, नाहीतर तिथे खेळाचे सामान जाणार होते. आम्ही देवळीची दुपारची बस धरली. ती वाटेत बंद पडली. पोचलो तेव्हा भिवराबाई दिवा लावून तुळशीपाशी उभ्या होत्या.

"दिवा लागला, बाई. आता विरजण नाई देत मी. घरची बरकत जाते."

"बरोबर आहे. नका देऊ. पाणी तेवढं द्या."

परतीच्या बसमध्ये मी न राहवून म्हटले, "एक चमचाच तर हवा होता, मॅडम."

"ती असे सगळेच नियम पाळते. दुसऱ्याचं विरजण घरात घेत नाही, न धुतल्या हाताने भांड्याला शिवत नाही. म्हणून तर ते माझ्यापर्यंत निर्भेळ आलं. आता माझी गरज आहे म्हणून नियम मोड म्हणू?"

तपासणीसांनी आलेख पाहिले, रिकामे चंबू पाहिले. "आकडे चांगले आहेत, पण जिवंत काही नाही," म्हणत ते उठले, तोच दारात भिवराबाई उभ्या राहिल्या. हातात ओल्या फडक्यात बांधलेला दह्याचा गडवा.

"काल देता येत नव्हतं, मंग सकाळीच निघाली मी. गाडीच उशिरा सुटली."

"संध्याकाळपर्यंत थांबाल? वाढ दिसेल," बाईंनी तपासणीसांना विचारले. त्यांनी घड्याळ पाहिले, नमस्कार केला आणि ते गेले.

"मले उशीर झाला का?" भिवराबाईंनी विचारले.

"नाही. वेळेवर आलात."

बाईंनी दह्याचा थेंब काचेवर पसरला, निळा रंग दिला आणि त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवले. एक डोळा मिटून त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"हे माह्या घरचे?"

"तुमच्याच घरचे."

"बापा! एवढे जण? अन् मी म्हणो, घरी एकटीच राह्यते."

जूनमध्ये बाई वर्धा सोडून गेल्या. पण मला त्या आठवतात त्या दुपारच्या. खोलीची किल्ली मागायला शिपाई दारात आला होता. बाईंनी हातानेच त्याला थांबायला सांगितले, आणि भिवराबाईंना अजून स्पष्ट दिसावे म्हणून खाली वाकून सूक्ष्मदर्शकाचा आरसा उजेडाकडे फिरवला.