जावेसाठी गावजेवण

सलोमा सकाळी सकाळी अंड्याच्या शेवया करत होती. लाटलेल्या पातळ पोळ्या खुर्च्यांच्या पाठींवर फडकी टाकून वाळत घातल्या होत्या, त्यामुळे बसायला खुर्ची उरली नव्हती आणि मी जळणाच्या पेटीवर बसून कॉफी पीत होते. तिचा नवरा अॅटली आणि दोघे मुलगे फर्निचरच्या कारखान्यात कधीच गेले होते. सलोमाचे लोक मोटार ठेवत नाहीत आणि आमच्या ह्या रस्त्यावर ती आमच्याच घरी आहे, म्हणून डॉक्टरकडे जायचं असलं की सलोमा मलाच हाक मारते. त्या दिवशीही तपासणीला जायचं होतं. ती उंच स्टुलावर टेकून लाटत होती आणि दर पोळीनंतर हात कमरेवर ठेवून थांबत होती.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

सलोमाचं लाटणं थांबलं. ह्या जुन्या वळणाच्या, बग्गीतून फिरणाऱ्या ख्रिस्ती लोकांत दार कुणी वाजवत नाही. बायका “आहेस का गं?” म्हणत सरळ चुलीपर्यंत येतात. दार वाजवून बाहेर उभा राहतो तो मंडळीचा, म्हणजे त्यांच्या चर्चचा, डीकन. कुणाचं काही चुकलं तर ते सांगायला येणार तोच आणि कुणासाठी मदत मागायला येणारही तोच.

“आता काय केलं मी?” असं पुटपुटत तिने हात पुसले आणि दार उघडलं.

डीकन रोमन हातात टोपी घेऊन उभे होते. मागे त्यांची बायको एडना, आडव्या अंगाची, हसरी.

“बसा म्हणायची सोय नाही,” सलोमा म्हणाली. “खुर्च्यांवर शेवया बसल्यात.”

“शेवयांसाठीच आलोय,” रोमन म्हणाले. “शनिवारी रूबेनसाठी जेवण ठेवलंय शाळेच्या आवारात. पार इंडियाना राज्यातूनसुद्धा माणसं येतायत. वर्ना म्हणाली, शेवया सलोमाच्याच हव्यात.”

“म्हणाली का?” सलोमा म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली. पोळी फाटली.

रूबेन म्हणजे अॅटलीचा थोरला भाऊ. एप्रिलमध्ये गोठ्याच्या छपरावरून पडला, कंबर मोडली, अजून शहरातल्या इस्पितळात आहे. वर्ना त्याची बायको, म्हणजे सलोमाची जाऊ.

विमा इथे कुणी घेत नाही, सरकारी नाही आणि दुसराही नाही. दुखणं आलं की आधी घर. घराला पेललं नाही की मंडळी, आणि मंडळीलाही जड झालं की गावजेवण घालून आजूबाजूच्या सगळ्या मंडळ्यांपुढे हात पसरायचे; येणारा जेवतो आणि जमतील तेवढे पैसे ठेवून जातो. त्याची लाज कुणाला वाटत नाही. सलोमाची गर्भपिशवी मार्चमध्ये काढली. तिचं घराला पेललं. सासरे आणि अॅटली धरून तिघे भाऊ दार लावून बसले आणि सगळं भागवून उठले. बाहेर कुणाला कळलंसुद्धा नाही किती बिल आलं ते. घरात होतं नव्हतं ते त्यात गेलं आणि पुढच्याच महिन्यात रूबेन पडला.

“माझ्या दुखण्याने थैली रिकामी केली,” सलोमा मला एकदा गाडीत म्हणाली होती, “म्हणून वर्नाला गाव मिळालं.”

मिळालं! लॉटरी लागावी तसं म्हणाली. पण तिचं खरं दुखणं तेच होतं. तिला माणसं हवी होती आणि ती सगळी जावेच्या दारात होती. आठवड्यापूर्वी मीच तिला वर्नाकडे नेलं होतं. ओट्यावर परक्या भांड्यांची रांग, प्रत्येकाच्या बुडाला नावाची पट्टी चिकटवलेली. खिडकीत एक मोठं खोकं. प्रत्येक घराने कागदात गुंडाळून एकेक वस्तू त्यात टाकलेली, रोज एक उघडायची. वर्ना बिचारी दमलेल्या तोंडाने म्हणत होती, “अगं, उघडायलाही वेळ होत नाही.” परत येताना सलोमा म्हणाली, “भांड्यांखालच्या पट्ट्या मी सगळ्या वाचल्या.”

“उचलून?”

“उचलून. एडनाची दोन पातेली होती. माझ्याकडे तिची पळीसुद्धा आली नाही.” मग म्हणाली, “रूबेनचं वाईट वाटतं गं मला. खरंच वाटतं. पण वर्नाचं स्वयंपाकघर बघितलं की नाही वाटत.”

मी म्हटलं, मी आणते की पातेलं भरून. तर म्हणाली, “तू आणशील गं. पण तू आमच्या मंडळीतली नाहीस.” मला लागलं थोडं, पण तिचं बरोबर होतं.

तर ती फाटलेली पोळी गोळा करत सलोमा रोमनना म्हणाली, “वर्नाला सांगा, मला एवढा वेळ उभं राहवत नाही.”

“काय सांगतेस!” एडना पुढे आली. “तू तर केव्हाच बरी झालीस.”

“कोण म्हणालं?”

“तुझी कपड्यांची दोरी म्हणाली! इस्पितळातून आलीस त्याच धुण्याच्या सोमवारी दोरी भरलेली. विजारी एका टोकाला, झगे दुसऱ्या, निळ्याला निळा लागून. बग्गीतून जाताना मी ह्यांना म्हटलं, हिला काही धाड भरत नाही. बायका निघाल्या होत्या तुझ्याकडे, मीच थांबवलं. म्हटलं, ती उभी आहे पायावर, उगाच गेलो तर तिला अपमान वाटेल.”

सलोमाने लाटणं बाजूला ठेवलं.

“ते कपडे अॅटलीने वाळत घातले होते,” ती म्हणाली. “उजाडायच्या आत. मी खिडकीतून खुणा करत होते, तो तिकडे, हा इकडे.”

“अॅटलीने? कपडे?” रोमनना हसू आवरेना.

“तुम्ही हसू नका,” एडना फिसकारली. “तुम्हाला रुमाल नाही वाळत घालता येत.” मग सलोमाकडे वळून, “पण का गं? दोरी रिकामी राहिली असती तर दुपारपर्यंत दहा जणी आल्या असत्या.”

“रिकामी ठेवू? सोमवारी?” सलोमाचा आवाज चढला. “आणि वर्नाने जाता जाता बघू दे? तिची दोरी आजवर एक सोमवार रिकामी नाही राहिली!”

रोमन “घोडा बघतो” म्हणून बाहेर सटकले. एडनाने एका खुर्चीवरची पोळी हलक्या हाताने उचलून दुसरीवर टाकली आणि सलोमासमोर बसली.

“वर्नाची दोरी गेले तीन सोमवार आम्ही भरतोय,” ती म्हणाली.

“मला माहितेय,” सलोमा म्हणाली. “बघितली मी. झगे उलटे घातलेत तुम्ही.”

एडना हसली. सलोमाही हसली, पण डोळे पुसत.

“शेवया करीन मी,” ती म्हणाली. “रूबेनसाठी. तिने मागितल्या म्हणून नाही.”

“बरं. आणि तुला काय हवंय? जेवण नाही घालता येणार, तुझं घरात भागलंय.”

“जेवण नकोच.” सलोमाने खिडकीबाहेर पाहिलं. “माझ्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात तण माजलंय आणि मला वाकता येत नाही. एक सकाळ बायकांना पाठव, एडना.”